दम पुरवून वापरा

(या महिन्यात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत साताऱ्याच्या एका हायस्कूलमधल्या गणिताच्या बाई. वय ५३. एकेचाळिसाव्या वर्षी धावायला लागल्या, पंचेचाळिसाव्या वर्षी सायकल घेतली. सुट्टीच्या दिवशी जवळपासच्या स्पर्धांत भाग घेतात.)

प्रश्न : माझं वय ४४. रोज सकाळी पाच किलोमीटर चालते. मैत्रिणी म्हणतात, दहा किलोमीटरच्या स्पर्धेत नाव दे. पण पळायला लागलं की तीनशे मीटरवरच धाप लागते. माझ्याच्यानं होईल का?
*एक गृहिणी, कराड*

ताई, तीनशे मीटरवर धाप लागते म्हणजे तुम्ही गरजेपेक्षा जोरात पळताय, एवढंच. आपण शेवटचं पळालेलो असतो ते शाळेत. शंभर मीटर, शिटी वाजली की जीव खाऊन. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं काही नाही. अंगाला पळणं म्हणजे तेवढंच ठाऊक असतं, म्हणून ते तसंच सुटतं.

माझंही तसंच झालं. आमच्याकडे अजिंक्यताऱ्याच्या अंगाला चार भिंतींचं स्मारक आहे, तिथल्या चढावर सकाळी निम्मा गाव फिरायला असतो. पहिल्या दिवशी मी दुसऱ्या वळणावरच कठड्याला धरून उभी राहिले. रोज तिथं येणारे एक निवृत्त सुभेदार आजोबा माझ्या शेजारून संथपणे वर गेले आणि जाताजाता म्हणाले, ‘बाई, बोलता येईल एवढंच पळा.’ बारा वर्षं झाली, त्याहून कामाचं मला कुणी काही सांगितलेलं नाही.

बरोबर बोलायला कुणी नव्हतं, म्हणून मी पाढे म्हणायला लागले. एकोणतीसचा पाढा मोठ्यानं म्हणत पळायचं. ‘एकोणतीस साती दोनशे तीन’ एका दमात निघालं तर वेग बरोबर. ‘साती’पाशी श्वास तुटला की वेग कमी करायचा, गरज पडली तर चालायचं. तुम्ही दोन मिनिटं पळा, दोन मिनिटं चाला, असं दहा वेळा. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. दोन आठवड्यांनी तीन मिनिटं पळून दोन मिनिटं चाला. पुढे पळणं हळूहळू वाढवत न्या, चालणं कमी करा. घाई केली नाहीत तर चार महिन्यांत दहा किलोमीटर होतील. त्याआधी रक्तदाब, साखर आणि ईसीजी एकदा करून घ्या. चाळिशीनंतर हे टाळू नये. आणि पळताना छातीत दाब किंवा डाव्या हातात कळ आली तर त्या क्षणी थांबायचं. तिथं हट्ट नको.

माझी आई तेलाच्या डब्याला आतून कुठवर तेल आहे ते बोटानं बघायची आणि म्हणायची, ‘पुरवून वापर, पाहुणे महिनाअखेरीलाच येतात.’ दमाचं अगदी तसंच आहे. खरी गरज लागते ती शेवटच्या दोन-तीन किलोमीटरला. तोवर डबा रिकामा करायचा नाही.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये गेल्या वर्षी चढ ६४ मिनिटांत काढला. परतीच्या उतारावर मांड्या अशा भरून आल्या की शेवटचे चार किलोमीटर चाललो. दोन दिवस जिना उतरता येत नव्हता. चढावर दमलो नाही आणि उतारावर मोडलो, हे कसं? या वेळी आधीच पेनकिलर घेऊन पळू का?
*विटा*

आधी शेवटचा प्रश्न. नाही. अजिबात नाही. दोन-तीन तास घाम गाळताना मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, त्यात डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन पोटात घेऊन पळणं धोक्याचं आहे. शिवाय दुखणं हे सांगावा घेऊन येतं. सांगावा आणणाऱ्याचंच तोंड बांधलंस तर तुला कळणार काय?

आता उताराचं. हा मार्ग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ही एकवीस किलोमीटरची दौड शहरातून निघून यवतेश्वरच्या घाटानं कासच्या रस्त्याला लागते आणि त्याच वाटेनं परत येते. म्हणजे पहिला निम्मा चढ, दुसरा निम्मा उतार. दिवस पावसाळ्याचे. धुकं असं असतं की पुढच्याची पाठ दिसते, त्याच्या पुढचा माणूस दिसत नाही.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो आणि उतरताना ताणला जात काम करतो. उतारावरचं प्रत्येक पाऊल हा एक ब्रेक असतो आणि तो ब्रेक मांडी लावते. ताणलं जात काम केल्यानं स्नायूच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते, म्हणून दुखणं दुसऱ्या दिवशी जास्त. चढावर धाप लागते, ती लगेच कळते, म्हणून माणूस सावरतो. उतारावर धाप लागत नाही. तिथं आपण खूश होऊन पाय सोडतो आणि मांडी मुकाट मोजत राहते.

२०१६ साली मी हेच केलं. चढ दीड तासात झाला, वर वळताना वाटलं, आता फक्त घरंगळायचं. चौदाव्या किलोमीटरला उजव्या पोटरीत असा गोळा आला की मी रस्त्याच्या कडेला बसलेच. टाळ्या वाजवायला गावातल्या बायका उभ्या होत्या. त्यातल्या एक आजी काही न विचारता खाली बसल्या, माझा बूट आपल्या मांडीवर घेतला आणि चवडा माझ्याकडे दाबून धरला. दुसऱ्या हाताचा अंगठा पोटरीत. त्या अंगठ्याला माती होती आणि नखाला पिवळी हळद. एक मिनिट लागलं असेल. गोळा सुटला तशी पाठीवर थाप मारून म्हणाल्या, ‘जा आता, पण हळू.’ मी तीन तास चार मिनिटांत पोहोचले. त्यांचं नाव विचारायचं राहिलं, याची रुखरुख अजून आहे. पुढच्या वर्षी त्या वळणावर थांबून बघितलं, त्या नव्हत्या.

त्यानंतर मी उतरायला शिकले. रविवारी सकाळी एसटीनं यवतेश्वरपर्यंत जायचं आणि पळत खाली यायचं. कंडक्टरला सुरुवातीला नवल वाटायचं. पहिल्यांदा दोनच किलोमीटर, मग तीन, मग पूर्ण घाट. स्नायूला ही मारझोड एकदा माहीत झाली की पुढच्या खेपेला तो बराच कमी दुखतो. हे तुलाही दोन-तीन उतरण्यांत जाणवेल, मात्र शेवटची उतरण स्पर्धेच्या दोन आठवडे आधी संपव. पावलं छोटी आणि भराभर टाकायची, पाय अंगाच्या पुढे फेकायचा नाही, टाच आपटायची नाही. बुटात अंगठ्याच्या पुढे बोटभर जागा हवी आणि घोट्याजवळ नाडी घट्ट हवी. नाहीतर पाय पुढे सरकतो आणि नखं काळी पडतात. आणि चढ ६४ मिनिटांत काढू नकोस. ७० मिनिटांत काढ. सहा मिनिटं वर ठेव, खाली येताना ती दुपटीनं परत मिळतील.

प्रश्न : गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त झालो. वय ५८. रोज तीस-चाळीस किलोमीटर सायकल होते. बीआरएम म्हणजे नेमकं काय आणि दोनशे किलोमीटर मला झेपतील का? रात्रीची भीती वाटते.
*बारामती*

झेपतील, दादा. बीआरएम ही शर्यतच नाही, हे आधी मनात पक्कं करा. पॅरिसच्या एका जुन्या सायकल क्लबच्या नियमांनी जगभर या राइड होतात. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेच्या आत पुरं करायचं. पहिला नाही, दुसरा नाही. दोनशेला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. एकाच हंगामात या चारही केल्या की ‘सुपर रँदोनर’ म्हणतात. मी गणिताची, म्हणून पहिल्यांदा कागद हातात आला तेव्हा भागाकार करून बघितला. ताशी पंधराच्या हिशेबानं दोनशेला तेरा तास वीस मिनिटं होतात. नियमात साडेतेरा आहेत. ती वरची दहा मिनिटं बघून मला फार बरं वाटलं होतं.

लक्षात घ्या, त्या पंधरात चहा, जेवण, पंक्चर, सिग्नल सगळं आलं. म्हणून चालवताना वीसचा वेग धरायचा. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कंट्रोल असतात, तिथं कार्डावर शिक्का आणि वेळ घ्यायची. कुठं कुठं शिक्क्याऐवजी दुकानाची वेळ छापलेली पावतीही चालते. दोन कंट्रोलच्या मधे कुणी गाडीतून मदत करायची नाही. आपलं आपण निस्तरायचं. मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

माझी पहिली दोनशे पुण्याहून पाचगणीला जाऊन परत होती. सहाला निघालो. खंबाटकी चढलो, सुरूरला वळून वाई, मग पसरणीचा घाट. बारा वीसला पाचगणी. तिथं इतकं हायसं वाटलं की मी मिसळ मागवली. ती चूक मला खंबाटकीच्या परतीच्या बोगद्यापर्यंत घशात आठवत होती. त्या दिवसापासून सायकलवर घरचंच. दुधातल्या दशम्या, केळी, खजूर, चिक्की, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. दर पाऊण तासाला दोन घास, भूक लागायच्या आधी. पाणी मात्र तहान लागेल तसं. भीतीपोटी नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि तेही जिवावर बेततं.

शिरवळच्या अलीकडे मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, हवा भरली, निघाले, आणि पाच मिनिटांत चाक पुन्हा खाली. तेव्हा कळलं, की मी नवी ट्यूब घालताना टायर आतून चाचपलाच नव्हता. हायवेवर ट्रकचे टायर फुटतात, त्यातल्या लोखंडी तारा रस्त्याच्या कडेला सांडलेल्या असतात, केसाएवढ्या बारीक. त्यातलीच एक टायरमध्ये रुतून बसली होती. बाहेरून दिसत नव्हती, आतून बोट फिरवलं तर टोचली. नखांनी काही निघेना. शेवटी केसांतल्या पिनेनं ती उचकटून काढली. दोन्ही पंक्चर मिळून पंचेचाळीस मिनिटं गेली. मी सात वाजून अकरा मिनिटांनी पोहोचले, तेरा तास अकरा मिनिटं. ती पाऊण तासाची शिल्लक मी सकाळपासून जमवून ठेवली होती, म्हणून पदक मिळालं. दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पंप हे तर न्याच. पण घरी अंगणात दहा वेळा चाक काढून बसवा, डोळे मिटून जमेपर्यंत.

रात्रीचं म्हणाल तर भीती वाटणं बरोबर आहे. पुढे पांढरा, मागे लाल दिवा, चमकणारं जाकीट, हेल्मेट, हे नियमातच आहे. मी याशिवाय एक जास्तीचा मागचा दिवा नेते. खंबाटकीच्या बोगद्यात तर दिवसाही दिवे लावले होते. आत ट्रकचा हॉर्न चारी बाजूंनी येतो आणि पुण्याच्या बाजूला बाहेर पडलं की लगेच उतार आणि इंग्रजी एससारखं वळण होतं. तिथं मी दोन्ही ब्रेकवर बोटं ठेवूनच आले. अंधार पडला की कुणाचा तरी मागचा दिवा गाठा आणि ओळख नसली तरी सांगा, ‘बरोबर येतो.’ आजवर कुणी मला नाही म्हटलेलं नाही.

वयाचं मनातून काढून टाका. दोनशेला मला साठी ओलांडलेले दरवेळी भेटतात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोघं भाऊ २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ सायकल शर्यत पुरी करून आले, दवाखाना सांभाळून. ती बातमी वाचली तेव्हा माझ्याकडे सायकलही नव्हती. पण कात्रण अजून कपाटाच्या दाराला आहे.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा, फुल मॅरेथॉन पळायचं म्हणतो. पळू द्यावं का?
*एक आई, सांगली*

४२ किलोमीटर नको. मुंबईच्या मॅरेथॉनलाही फुलसाठी अठरा पूर्ण लागतात. त्याची हाडं अजून वाढताहेत. पाच आणि दहा किलोमीटर मन लावून पळू दे, शाळेच्या मैदानी स्पर्धांत उतरू दे. वेग या वयात येतो, लांबी पुढे कधीही येते. हे त्याला हिशेबानं समजावा, रागावून नको.

प्रश्न : विचारायला संकोच वाटतो. लांबच्या सायकल राइडला बाथरूमचं काय करता? आणि पाळी आली तर?
*एक प्राध्यापिका, लातूर*

संकोच करू नका. यापायी कितीतरी जणी घरी बसतात.

मी सुरुवातीला जे केलं ते करू नका. जावं लागू नये म्हणून मी साठ किलोमीटर घोटभर पाणी प्यायले नव्हते. नंतर आठवडाभर लघवीला जळजळ, डॉक्टर, गोळ्या. आता मी निघायच्या आधी रस्त्यावरचे पेट्रोल पंप कागदावर लिहून नेते. पंपावर कुलूप असतं, पोरगा म्हणतो, बंद आहे. आवाज न चढवता पण ठामपणे म्हणायचं, ‘किल्ली द्या, मी थांबते.’ बहुतेक वेळा किल्ली निघते. हॉटेलात आधी चहा सांगायचा, मग विचारायचं. जवळ कागदी साबण आणि एक जुनी ओढणी ठेवते, आडोसाच करायची वेळ आली तर तिचा उपयोग होतो. पळायच्या स्पर्धेत सुरुवातीच्या जागी रांग मोठी असते, पाऊण तास आधी पोहोचा.

पाळीत मी पळाले आहे आणि सायकलही चालवली आहे. काही जणींना कप सोयीचा वाटतो, मला पॅडच जमायचं. जांघेत व्हॅसलीन भरपूर, पॅडेड शॉर्टच्या आत दुसरं काही घालायचं नाही, नाहीतर शिवण घासून सोलवटतं. पहिल्या दिवशी वेळेचा विचार सोडायचा. पोटात फार दुखत असेल तर नाव दिलेलं असलं तरी जायचं नाही. फी बुडाली तर बुडाली.

प्रश्न : पहिल्यांदाच २१ किलोमीटर पळालो. तीन तास वीस मिनिटं लागली, पण वेळेच्या आतच होतो. सतराव्या किलोमीटरनंतर एकाही टेबलावर पाणी नव्हतं. पोहोचलो तेव्हा मंडप उतरवत होते, पदकं संपली होती. घरी येऊन रडलो. पुन्हा जावंसं वाटत नाही.
*नांदेड*

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. हे माझ्याही वाट्याला आलं आहे. एका जिल्ह्याच्या गावी, मार्चच्या उन्हात. सोळाव्या किलोमीटरच्या टेबलावर नुसते चुरगळलेले कागदी ग्लास पडलेले. मी एका घराच्या फाटकात जाऊन पाणी मागितलं आणि त्या माउलीनं तांब्याभर दिलं. मागे अँब्युलन्स नव्हती. एक मुलगा फुटपाथवर ओकत होता, त्याला मी आणि एक रिक्षावाले दादा सावलीत घेऊन बसलो. अंग तापलेलं, घाम थांबलेला, प्रश्नाला भलतंच उत्तर देत होता. डोक्यावर, मानेवर, काखेत पाणी ओतत त्याला दवाखान्यात नेलं. तो बरा झाला. पण त्या दिवशीचा माझा राग अजून गेलेला नाही.

सव्वातीन तास उन्हात असणाऱ्याला दीड तासात पोहोचणाऱ्यापेक्षा पाणी जास्त लागतं. फी दोघांची सारखी. साधा हिशेब आहे आणि तरीही ग्लास पुढचे पळणारे गेले की संपतात, कारण आयोजकांनी माणसं मोजलेली असतात, तास मोजलेले नसतात. तुम्ही रडलात ते तुमचं काही चुकलं म्हणून नाही. आयोजकांना पत्र लिहा. किलोमीटर, वेळ, सगळं घालून लिहा. मी लिहिलं होतं, उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. पुढच्या वेळी पैसे भरायच्या आधी फोन करून दोनच गोष्टी विचारा. शेवटचं टेबल किती वाजेपर्यंत उभं असतं आणि शेवटच्या धावपटूच्या मागे गाडी असते का. ज्यांना उत्तर देता येत नाही तिथं नाव देऊ नका.

गेली चार वर्षं आमच्या गावातल्या दहा किलोमीटरच्या स्पर्धेत मी पळत नाही. सातव्या किलोमीटरला नववीच्या मुलांना घेऊन पाण्याचं टेबल लावते. पहिल्या वर्षी मुलांनी फळ्यावर गणित मांडलं. सहाशे माणसं, प्रत्येकी दोन ग्लास, ग्लासात दीडशे मिली, म्हणजे एकशे ऐंशी लिटर. एक मुलगी उठून म्हणाली, ‘बाई, शेवटी येणारे चार-चार ग्लास पितील.’ तिला हे कसं सुचलं देव जाणे. तेव्हापासून दोन पिंपं टेबलाखाली वेगळी ठेवतो, त्यांना साडेआठच्या आधी कुणी हात लावायचा नाही. गेल्या वर्षी सगळ्यात शेवटी एक काका आले, जवळजवळ चालतच. ग्लास घ्यायलाही थांबले नाहीत, थांबलो तर पुन्हा पाय उचलणार नाही म्हणाले. मग दोन मुलं हातात ग्लास धरून त्यांच्या दोन्ही बाजूंनी चालत गेली, पुढच्या चौकापर्यंत, सांडत, हसत.

या वर्षीही टेबल सातव्या किलोमीटरलाच आहे. नांदेडहून लांब पडेल, तरी या. पिंपं ठेवलेली असतील.